रक्तवाढीचं औषध परवडत नाही तेव्हा

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातलं आसेगाव. सोयाबीन आणि तुरीच्या पैशावर वर्ष काढणारा हा भाग. इथल्या घरात कुणाला डॉक्टरांनी 'अंगात रक्त कमी आहे' असं सांगितलं, तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना. घर हादरतं ते चिठ्ठी हातात आल्यावर. एका बाईच्या चिठ्ठीवर लाल गोळी असते, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आठवड्यातून दोन-तीनदा टोचायचं इंजेक्शन असतं आणि ते कधी बंद होईल हे कुणी सांगत नाही. तिसऱ्याच्या चिठ्ठीवर असं औषध असतं, की त्याचा खर्च ऐकून बाप तूर आताच विकावी का, याचा हिशेब मांडू लागतो.

तिघांच्याही कागदावर शब्द एकच असतो: अ‍ॅनिमिया. हा शब्द फक्त एवढंच सांगतो, की हिमोग्लोबिन कमी झालंय. ते का कमी झालं हे शोधावं लागतं. लोह कमी पडलंय, मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, जन्मापासून तांबड्या पेशींचा आकार बिघडतोय, की हाडांतल्या मगजाने रक्त तयार करणंच थांबवलंय? औषध, त्याची किंमत आणि मदत कुठून मिळेल, या तिन्ही गोष्टी या एका उत्तरावर ठरतात. त्यामुळे पैशासाठी धावाधाव सुरू करण्याआधी रुग्णाच्या हातात पूर्ण निदान लिहिलेला, डॉक्टरांची सही-शिक्का असलेला कागद हवा. नुसतं 'अ‍ॅनिमिया' लिहिलेल्या कागदाने कुठल्याच टेबलावर काम पुढे सरकत नाही.

महाराष्ट्रात आजारपणाच्या खर्चाला सर्वांत मोठा आधार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३पासून राज्यभर लागू झाली. पहिल्या आठांत वाशीम नव्हतं. पण पुढे शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचं नाव आलं आणि इथल्या पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून योजनेत जागा मिळाली. २०२३च्या शासन निर्णयाने ती सगळ्याच कुटुंबांसाठी खुली केली, उपचारांची संख्या १,३५६वर नेली आणि वर्षाला दर कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर आणलं. मोठ्या आजारात घर वाचवणारी ही योजना आहे, यात शंका नाही.

पण ती उभी आहे खाटेभोवती. माणूस दाखल झाला, की शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, जेवण, परतीचं भाडं हे सगळं पॅकेजात बसतं. घरी बसून रोज घ्यायच्या गोळीला ती पैसे देत नाही. आणि रक्तक्षयाची महागडी औषधं नेमकी त्याच जातीची असतात: महिनोन्‌महिने, कधी आयुष्यभर, घरीच घ्यायची. आसेगावच्या रुग्णाची खरी अडचण ही आहे आणि तिच्यावरचे मार्ग प्रत्येक प्रकारच्या रक्तक्षयात वेगळे आहेत.

लोहाच्या कमतरतेत खर्च होणंच मुळात टाळता येतं. २०१८पासून राबवल्या जाणाऱ्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' मोहिमेत लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मोफत मिळतात: गरोदर बाईला लाल, किशोरवयीन मुला-मुलींना निळी, लहान शाळकरी मुलांना गुलाबी. गोळी सोसत नसेल किंवा हिमोग्लोबिन फारच खाली गेलं असेल, तर शिरेतून लोह देतात. त्यातलं आयर्न सुक्रोज हे जुनं इंजेक्शन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. मात्र ते थोडंथोडं, अनेक फेऱ्यांत द्यावं लागतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे नवं इंजेक्शन एका बैठकीत एक हजार मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. ते महाग होतं, कारण त्यावर स्वित्झर्लंडच्या व्हायफर कंपनीचं पेटंट होतं. भारतीय कंपन्यांशी दिल्ली उच्च न्यायालयात खटले चालू असतानाच ऑक्टोबर २०२३मध्ये पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली. आज हे इंजेक्शन कुणी लिहून दिलं, तर पहिल्या दुकानात सांगितलेली किंमत शेवटची समजू नये. मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या बाईच्या बाबतीत आणखी एक हिशेब धरावा लागतो: स्वस्त इंजेक्शनच्या पाच फेऱ्यांचं भाडं आणि पाच दिवसांची मजुरी मिळून ते कधीकधी महागड्या एका इंजेक्शनाएवढंच पडतं. बाई गरोदर असेल, तर १ जून २०११पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण हे सगळं विनामूल्य मिळणं हा तिचा हक्क आहे.

मूत्रपिंडाच्या रुग्णाचं दुखणं जास्त चिवट. निरोगी मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तयार करतं आणि तेच मगजाला तांबड्या पेशी बनवायचा इशारा देतं. मूत्रपिंड निकामी झालं, की हा इशाराच थांबतो. मग लोहाच्या कितीही गोळ्या दिल्या तरी रक्त चढत नाही. हे संप्रेरक पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आलं त्यामागे एक विलक्षण कष्टाची कथा आहे. जपानचे डॉ. ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या, म्हणजे मगजाने रक्त तयार करणं थांबवलेल्या रुग्णांचं २,५५० लिटर मूत्र गोळा करून आटवलं. ते घेऊन शिकागोला युजीन गोल्डवॉसर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं आणि १९७७मध्ये त्यातून हे संप्रेरक काही मिलिग्रॅम वेगळं करता आलं. त्यावरून पुढे जनुकतंत्राने इंजेक्शन तयार झालं आणि १९८९मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. तिथे ते इतकं महाग पडलं, की बनवणाऱ्या अ‍ॅमजेन कंपनीचीच एक धर्मादाय संस्था विमा नसलेल्या रुग्णांना कंपनीची औषधं फुकट पुरवते. भारतात वाट वेगळी निघाली. देशी कंपन्या हेच औषध बनवू लागल्या, स्पर्धेने भाव उतरला आणि अत्यावश्यक यादीत नाव आल्याने वरची मर्यादाही ठरली. मार्च २०२२मध्ये झायडस कंपनीच्या डेसिड्युस्टॅट या तोंडाने घ्यायच्या गोळीलाही याच आजारासाठी परवानगी मिळाली.

तरीही डायलिसिसवरच्या माणसाला दर आठवड्याचं इंजेक्शन जड जातं. डायलिसिस फुले योजनेत बसतं. २०१६पासूनच्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांतही ते मोफत मिळतं. इथे एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा: 'रक्तवाढीचं इंजेक्शन यातच धरलंय, की आम्हाला बाहेरून आणायचं?' हा प्रश्न विचारायचं राहून गेल्यामुळे किती घरं गरज नसताना मेडिकलची बिलं भरत असतील, कुणास ठाऊक. बाहेरून आणायचंच असेल, तर दोन गोष्टींत पैसे वाचतात. पहिली, अंगातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी. साठा रिकामा असेल तर हे महागडं इंजेक्शन जवळजवळ वाया जातं. दुसरी, थंडावा. हे औषध २ ते ८ अंश तापमानात राहायला हवं आणि गोठताही कामा नये. विदर्भातल्या मे महिन्यात वाशीमहून आसेगावला ते पिशवीत टाकून आणलं, तर औषधाचा गुण उतरतो आणि खर्च अंगावर पडतो. बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात आणावं. त्याहून चांगलं म्हणजे डायलिसिसच्या जागीच ठेवून तिथेच टोचून घ्यावं.

विदर्भात रक्तक्षयाची गोष्ट सिकलसेलशिवाय पुरी होत नाही. १९५८मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. आदिवासी, बौद्ध आणि इतर अनेक समाजांतल्या घरांना तो आजार त्याच्या कितीतरी आधीपासून छळत होता. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं मोडल्यासारख्या वेदना होतात. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून या रुग्णांचे प्रश्न सरकारदरबारी लावून धरले. २०१८च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं.

या आजारावरचं मुख्य औषध आहे हायड्रॉक्सीयुरिया. हे रसायन १८६९मध्ये जर्मनीत तयार झालं. सिकलसेलवर ते उपयोगी असल्याचं अमेरिकेतल्या २९९ प्रौढ रुग्णांवरच्या अभ्यासाने १९९५मध्ये सिद्ध केलं: वेदनेच्या झटक्यांचं वर्षाचं प्रमाण औषध न मिळालेल्यांत ४.५ होतं, ते औषध मिळालेल्यांत २.५ निघालं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं काम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालं. डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवलं, की तीव्र आजार असलेल्या भारतीय मुलांनाही वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम एवढी कमी, ठरावीक मात्रा पुरते. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी आणि वारंवार रक्ततपासण्यांचं ओझंही हलकं. विदर्भातल्या रुग्णांवर विदर्भात झालेल्या अशा संशोधनाचं मोल महागड्या परदेशी औषधापेक्षा जास्त आहे.

परदेशी औषधाचा अनुभव बोलका आहे. व्होक्सेलोटर ही गोळी अमेरिकेत २०१९मध्ये आली. वर्षाचा खर्च सव्वा लाख डॉलरच्या घरात होता. सप्टेंबर २०२४मध्ये फायझरने ती जगभरातून मागे घेतली, कारण तिच्या फायद्यापेक्षा धोका जास्त दिसू लागला होता. 'परदेशात एक गोळी आहे, पैसे जमवा' असं ऐकून ज्यांनी जमीन विकायचा विचार केला असेल, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७पर्यंत आजार संपवायचा आणि त्यासाठी चाळीशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट. रुग्णाच्या खिशाच्या दृष्टीने त्यातली मोलाची तरतूद अशी, की हायड्रॉक्सीयुरिया उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. म्हणजे ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवं. साठा संपला असेल, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार त्याच दिवशी विसरली जाते. लहान मुलांना कॅप्सूल फोडून द्यावी लागते ही अडचण होती. जानेवारी २०२४मध्ये अ‍ॅकम्स या भारतीय कंपनीने साध्या तापमानात टिकणारं पातळ औषध आणलं. परदेशी बाटली ७७ हजारांची, ही सुमारे ६०० रुपयांची.

सिकलसेलच्या रुग्णाला औषधापलीकडचेही हक्क आहेत, पण ते आपोआप घरी चालून येत नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र निघालं, की पुढचे मार्ग मोकळे होतात. सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या गाडीचं भाडं पूर्ण माफ आहे. आसेगावहून वाशीम-अकोल्याच्या खेपा घालणाऱ्याला ही सवलत औषधाच्या पैशाइतकीच कामाची. वारंवार रक्त लागणाऱ्या सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनाशुल्क द्यावं, असा राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचा आदेश आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सिकलसेलग्रस्तांचा उल्लेख आहे, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अवघी २१ हजार रुपये. रोजमजुरी करणारं घरही प्रामाणिकपणे हिशेब दिला तर त्यात बसणार नाही. ही मर्यादा वाढलीच पाहिजे.

उरतो तो सर्वांत कठीण गट: अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, गंभीर थॅलेसेमिया आणि त्यांच्यासाठी लागणारं मगज प्रत्यारोपण. इथे खर्च लाखांत जातो आणि एकाच ठिकाणाहून तो भागत नाही. जुळणारा दाता भाऊ किंवा बहीण असेल, तर कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत थेट रुग्णालयाला देते. २०१७ साली थॅलेसेमियासाठी सुरू झालेल्या या योजनेत पुढे अप्लास्टिक अ‍ॅनिमियाही आला. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीत मगज प्रत्यारोपण आहे. या निधीसाठी पूर्वी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. १ मे २०२५पासून प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात त्याचा कक्ष आहे, त्यामुळे अर्ज वाशीमलाच देता येतो. तहसीलदाराचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, आजाराचे रिपोर्ट आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खासगी असेल तर त्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही हवी. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात आणि भरून झालेल्या बिलाची रक्कम परत मिळत नाही. इथेच माणसं चुकतात. उसनवारी करून आधी बिल भागवतात, मग अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो. अर्ज उपचार चालू असतानाच गेला पाहिजे.

मोठ्या शहरात न्यावं लागलं, तर धर्मादाय रुग्णालयांचा नियम माहीत असावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशानुसार, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबईच्या श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडूनही गरजू रुग्णाला २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. रक्कम लहान वाटते, पण अशाच लहान रकमांच्या जोडणीतून मोठं बिल भागतं. पेटंट असलेली काही औषधं कंपन्या स्वतःच्या रुग्ण-साहाय्य योजनेत सवलतीने देतात. त्याची विचारणा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच करावी, दलालाकडे कधीही नाही.

ज्यांचं औषध यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही, त्यांना दोन साध्या सोयी आहेत. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह सगळे उपचार विनामूल्य आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथले नियम वेगळे. त्यामुळे तज्ज्ञांनी अकोल्याला किंवा नागपूरला औषध ठरवून दिलं, तरी ते दरमहा जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातून मिळेल का, हे विचारावं. तिथे साठा नसेल, तर स्थानिक खरेदीतून आणून देण्याची विनंती वैद्यकीय अधीक्षकांना करावी. दुसरी सोय जन औषधी केंद्रांची. तिथली औषधं बाजारातल्या नामांकित औषधांपेक्षा निम्म्याहून कमी दरात मिळतात. पण चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर तिथे गाडं अडतं. डॉक्टरांना औषधाच्या मूळ घटकाचं नाव लिहायला सांगावं. 'जन औषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र सापडतं आणि सरकारने ठरवलेली कमाल किंमत 'फार्मा सही दाम' अ‍ॅपवर दिसते.

आजची व्यवस्था दाखल झालेल्या रुग्णाला सावरते आणि त्याला दाखल व्हावं लागू नये म्हणून रोज लागणाऱ्या गोळीला मात्र त्याच्याच खिशावर सोडते. हायड्रॉक्सीयुरियाबाबत सरकारने हे उलटवून दाखवलं आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या इंजेक्शनबाबत आणि वारंवार रक्त चढवल्याने थॅलेसेमियाच्या मुलाच्या अंगात साठलेलं लोह काढणाऱ्या औषधाबाबतही तेच व्हायला हवं, तेही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर.

तोवर आसेगाव परिसरातल्या वाचकांना एक विनंती. घरात किंवा शेजारात कुणाला असं औषध लिहून दिलं असेल, तर दागिना मोडण्याआधी, तूर विकण्याआधी आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि निदानाचा कागद यांच्या पाच-पाच झेरॉक्स प्रती एका पिशवीत तयार ठेवा. फुले योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला भेटा, किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करून तुमचा उपचार योजनेत आहे का ते आधी विचारा.